एल्व्हिस प्रेस्लीचे सिनेमे : कोणते बघायचे आणि त्यांत काय बघायचं

प्रश्न असा आला आहे : एल्व्हिसची गाणी वर्षानुवर्षं ऐकली, पण त्याच्या हलक्याफुलक्या सिनेमांतला एकही पाहिलेला नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ते सिनेमे टाकाऊ आहेत. मग एवढा मोठा गायक त्यांत इतकी वर्षं का राहिला? आणि आज बघायचेच ठरवले तर कोणते बघावेत?

मी मुंबईत चौतीस वर्षं संकलक म्हणून काम केलं. आधी स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म जोडायच्या यंत्र-टेबलावर, नंतर संगणकावर. त्यातला निम्मा काळ तरी गाणी कापण्यात गेला. त्यामुळे माझं उत्तर संकलनाच्या टेबलावरून आलेलं आहे, हे आधीच सांगते. ‘टाकाऊ’ हा शब्द मला मान्य नाही. १९५६ ते १९६९ या काळात एल्व्हिसचे ३१ कथापट आले. त्यांतल्या बऱ्याच सिनेमांच्या कथा एका पोस्टकार्डावर मावतील एवढ्या आहेत, हे खरंच. नायक कधी मोटारींच्या शर्यतीत उतरतो, कधी छोटं विमान चालवतो, कधी मुष्टियोद्धा असतो, कधी पाणबुड्या. हातात पैसा नसतो, दोन मुली भेटतात, मारामारी होते आणि शेवटी लग्न. पण या कथेच्या मधे दर दहा मिनिटांनी एक माणूस उभा राहून गातो, आणि तो माणूस एल्व्हिस असतो. तेव्हा दिग्दर्शकाने आणि संकलकाने काय केलं, हे बघण्यासारखं आहे. चांगला एल्व्हिसपट कोणता आणि वाईट कोणता, हे मी त्यावरूनच ठरवते.

थोडं तंत्राचं बोलते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या सिनेमांतली गाणी आपल्यासारखीच प्लेबॅकवर चित्रित झालेली आहेत. गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, सेटवर ते मोठ्याने वाजवायचं आणि त्यावर ओठ हलवायचे. आपल्याकडे आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असतो. इथे दोन्ही त्याचेच. हे सोपं वाटतं, पण तसं नाही. स्टुडिओत माईकसमोर गाताना श्वास जिथे घेतला, तिथेच तो आठवड्यांनंतर कॅमेऱ्यासमोर पुन्हा दिसावा लागतो. सेकंदाला २४ चौकटी धावतात. ओठ दोन चौकटी मागे पडले तरी सामान्य प्रेक्षकालाही ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटतं, का ते त्याला सांगता आलं नाही तरी. मी ध्वनीची पट्टी एक-एक छिद्र पुढे-मागे सरकवत रात्री घालवल्या आहेत. म्हणून छातीठोकपणे सांगते, एल्व्हिसची लिप, म्हणजे गाण्याशी ओठ जुळवणं, फार चांगली होती. आणि जिथे ओठ किंचित सैल पडतात तिथेही ताल सुटत नाही, कारण तो खांद्यांत आणि गुडघ्यांत असतो.

आता ‘जेलहाऊस रॉक’ घ्या. साल १९५७, निर्मिती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओची, दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प, सिनेमास्कोप आणि कृष्णधवल. सगळा सिनेमा हलकाफुलका नाही. नायक उद्धट आहे, तुरुंगात जाऊन आलेला आहे. पण त्यातलं शीर्षकगीत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नृत्यदिग्दर्शक अ‍ॅलेक्स रोमेरो यांनी आधी एमजीएमच्या वळणाच्या स्टेप बसवून पाहिल्या. त्या एल्व्हिसच्या अंगाला बसेनात. तेव्हा रोमेरोंनी त्याला त्याचीच गाणी म्हणायला लावली, तो गाताना नकळत काय करतो ते पाहिलं, आणि त्या हालचालींतून नाच रचला. एका कलाकाराकडे बघायची ही केवढी समंजस रीत! म्हणूनच त्या नाचात मोजून टाकलेलं पाऊल जाणवत नाही. दोन मजली तुरुंगाचा सांगाडा, उभे गज आणि कैद्यांचे आडवे पट्टे. सिनेमास्कोपची चौकट लांबट असते आणि एकटा माणूस तिच्यात हरवून जाण्याची भीती असते. इथे गज आणि पट्टे मिळून सगळी चौकट भरतात आणि नजर पुन्हा त्याच्यावरच येते. कट कमी आहेत आणि जिथे आहेत तिथे हालचालीवर आहेत. पाय उचलला एका शॉटमध्ये, टेकला दुसऱ्यात. त्याचे पाय कॅमेऱ्याने कापलेले नाहीत, हे मुद्दाम बघा. त्याच वर्षी टीव्हीवर त्याला कमरेच्या वरच दाखवलं गेलं होतं.

गाण्यांचे जनक जेरी लायबर आणि माइक स्टोलर. न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्यांच्या प्रकाशकाने दाराला सोफा लावून त्यांना अडवून बसवलं आणि एका दुपारात या सिनेमाची चार गाणी लिहून घेतली, ही हकीकत दोघांनीही पुढे सांगितली आहे. सिनेमात एल्व्हिसच्या मागे पियानोवर दिसतो तो स्टोलरच. वादकांत स्कॉटी मूर, बिल ब्लॅक आणि डी. जे. फोंटाना हे त्याचे खरे साथीदार आहेत. खोटे वादक उभे केले की संकलकाचे हाल होतात. कुठला हात दाखवायचा आणि कुठला लपवायचा, यातच वेळ जातो. इथे तो प्रश्नच नाही, आणि पडद्यावर त्याचा फरक दिसतो.

त्याआधीचा ‘लव्हिंग यू’ हाही १९५७चाच आणि रंगीत. त्यात शेवटच्या कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षकांत एल्व्हिसचे खरे आईवडील बसलेले दिसतात. आई ग्लॅडिस ऑगस्ट १९५८मध्ये गेली. त्यानंतर त्याने तो सिनेमा पुन्हा पाहिला नाही असं सांगतात. मी ते दृश्य बघते तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या त्या बाईंवरून माझी नजर हलत नाही.

१९५८चा ‘किंग क्रिओल’ मायकल कर्टिझचा, म्हणजे ‘कॅसाब्लांका’च्या दिग्दर्शकाचा. तो गंभीर सिनेमा आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नात बसत नाही. तरी त्याची सुरुवात बघा : न्यू ऑर्लिन्सची सकाळची गल्ली, खाली खेकड्या-कोळंब्यांच्या जातीचा माल विकणारी बाई आरोळी देते आणि वर गॅलरीतून एल्व्हिस तिच्या आरोळीला सूर जोडतो. फेरीवाल्याच्या हाकेत गाणं दडलेलं असतं, हे गिरगाव-दादरच्या चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मार्च १९५८मध्ये तो सैन्यात गेला आणि मार्च १९६०मध्ये परतला. तुम्ही ज्यांना हलकेफुलके सिनेमे म्हणता त्यांची रांग इथून सुरू होते. पहिला ‘जी. आय. ब्लूज’, १९६०. जर्मनीतल्या अमेरिकी सैनिकाची गोष्ट. जर्मनीची दृश्यं चित्रीकरणाच्या वेगळ्या तुकडीने घेतली आणि एल्व्हिसचा भाग हॉलिवूडमध्ये झाला. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग. यांनी एल्व्हिसचे एकूण ९ सिनेमे केले, आणि १९३१च्या ‘स्किपी’साठी त्यांना ऑस्कर मिळालेलं होतं. मुलांसोबत काम करण्यात त्यांचा हात बसलेला होता. या सिनेमात हातबाहुल्यांच्या खेळाचा एक प्रसंग आहे. एल्व्हिस त्या छोट्या रंगमंचात शिरून एका बाहुलीसाठी जर्मन लोकगीताच्या चालीवरचं गाणं गातो, काही ओळी जर्मनमध्येच. त्या प्रसंगात दिग्दर्शकाला घाई नाही. पाहणाऱ्या मुलांचे चेहरे आणि त्याचं हसू, एवढंच. ज्याच्या कंबरेला तीन-चार वर्षांपूर्वी सारा देश घाबरला होता, तो इथे बाहुलीशी बोलतो आहे आणि अगदी मनापासून बोलतो आहे.

मग १९६१चा ‘ब्लू हवाई’. याच्यावर थोडं थांबते, कारण पुढचं सगळं यानेच ठरवलं. निर्माता हॅल वॉलिस, कॅमेरा चार्ल्स लँग यांचा. हवाईचं पाणी, माड, फुलांच्या माळा आणि एकूण १४ गाणी. शेवटचं लग्न कवाई बेटावरच्या कोको पाम्स हॉटेलाच्या तळ्यात, होड्यांमधून. एल्व्हिसच्या आईचं काम अँजेला लॅन्सबरीने केलं आहे, आणि ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनीही मोठी नव्हती. पण या सगळ्यापेक्षा मला आवडतो तो प्रेयसीच्या आजीच्या वाढदिवसाचा प्रसंग. तो तिला एक संगीतपेटी भेट देतो. पेटीचं झाकण उघडतं, बारीक किणकिण सुरू होते आणि त्यावर तो ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ गातो. हे गाणं जगभर लग्नांत वाजतं, पण सिनेमात ते आजीसाठी आहे! चाल आली आहे १८व्या शतकातल्या ‘प्लेझीर दामूर’ या फ्रेंच गीतावरून. तो जवळजवळ हलत नाही. ज्याला हलण्यासाठीच ओळखतात त्याला बसवून गायला लावण्याची हिंमत इथे दाखवली आहे.

‘ब्लू हवाई’ची तबकडी अमेरिकेत २० आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. आणि त्याच सुमारास आलेले ‘फ्लेमिंग स्टार’ आणि ‘वाइल्ड इन द कंट्री’ हे कमी गाण्यांचे, अभिनयावर भर असलेले सिनेमे तेवढे चालले नाहीत. ‘फ्लेमिंग स्टार’मध्ये डॉन सीगल यांच्या हाताखाली त्याने खरोखर चांगलं काम केलं आहे. पण हिशेब करणाऱ्यांना जे दिसायचं ते दिसलं : सिनेमा तबकडी खपवतो, तबकडी सिनेमा खपवते. त्याचा व्यवस्थापक टॉम पार्कर याला यापलीकडे काही नको होतं. १९६४पासून सलग सहा वर्षं दरवर्षी तीन सिनेमे आले.

‘तो का राहिला’ याचं करारापुरतं उत्तर एवढंच. पण गाणी का घसरली याचं कारण आणखी खोलवर आहे, आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. एल्व्हिसच्या नावाने संगीत-प्रकाशनाच्या कंपन्या होत्या. ज्याचं गाणं एल्व्हिस गाणार, त्याने प्रकाशनाचा हक्क त्या कंपन्यांना द्यायचा आणि बहुतेकदा रॉयल्टीतला वाटाही सोडायचा. सुरुवातीला मोठे गीतकार हे मान्य करत, कारण एल्व्हिस गायला म्हणजे खप नक्की. पुढे ज्यांना दुसरीकडे मान आणि पैसा मिळू लागला ते दूर गेले. उरलेल्यांकडे पटकथा जायची आणि गाण्यांच्या जागा त्यात आधीच ठरलेल्या असायच्या : इथे होडीवरचं, इथे मुलाला झोपवायचं, इथे समुद्रकिनाऱ्यावरच्या नाचाचं. आमच्याकडेही ‘सिच्युएशन’ सांगून गाणी लिहून घेतात, आणि त्यातून अमर गाणी झाली आहेत. पण तिथे संगीतकार, गीतकार आणि दिग्दर्शक एका बैठकीत असायचे, भांडायचे, चाल परत करायचे. इथे गायकासमोर नमुन्याच्या तबकड्यांचा गठ्ठा यायचा आणि त्यातून निवडायचं. वाईट गठ्ठ्यातून निवडणारा कितीही जाणकार असला तरी त्याने काय करावं? १९६७च्या एका सिनेमात त्याला ‘ओल्ड मॅकडोनल्ड’ हे बालगीत गायला लावलं आहे. मला ते बघवत नाही, कारण तेही तो प्रामाणिकपणे गातो.

या सगळ्या रांगेत एक सिनेमा निराळा उभा आहे, १९६४चा ‘व्हिवा लास व्हेगास’. दिग्दर्शक जॉर्ज सिडनी, एमजीएमच्या संगीतपटांत मुरलेला माणूस. त्याने आदल्याच वर्षी ‘बाय बाय बर्डी’ केला होता. सैन्यात जाणाऱ्या, एल्व्हिससारख्याच एका गायकाची ती थट्टा होती आणि त्यात अ‍ॅन-मार्गरेट चमकली होती. आता सिडनीने तिला खऱ्या एल्व्हिससमोर उभं केलं. एरवी एल्व्हिस गातो आणि नायिका कौतुकाने बघत राहते. संकलकाला तिचे तेच ते हसरे क्लोजअप मधेमधे घालावे लागतात. इथे पहिल्यांदा समोरची बाई त्याच्याइतक्याच ताकदीची आहे. व्यायामशाळेतल्या ‘कमॉन एव्हरीबडी’त तो गातो आणि ती खाली नाचते. प्रत्येक कट म्हणजे सवाल-जवाब आहे. तमाशातल्या ढोलकीच्या सवाल-जवाबात जी चुरस असते, तीच. पोहण्याच्या तलावाकाठचं त्यांचं द्वंद्वगीतही बघा. तो गोड बोलतो, ती तोडून टाकते आणि शेवटी तो पाण्यात पडतो. दोघांची आणखी द्वंद्वगीतं रेकॉर्ड झाली होती. ती सिनेमात राहिली नाहीत, कारण व्यवस्थापकाला तिचा वाढता वाटा खुपत होता. माझ्या मते या सिनेमाचं हे मोठं नुकसान आहे.

आणि शीर्षकगीत. डॉक पोमस आणि मॉर्ट शुमन यांचं हे गाणं सिनेमात एकाच अखंड शॉटमध्ये आहे. कट नाहीच. मी पहिल्यांदा ते टेबलावर लावलं तेव्हा सवयीने हातात मार्किंग पेन्सिल होती, आणि खूण करायला जागाच मिळाली नाही. मागे नर्तकी, पुढे तो, कॅमेरा त्याच्याबरोबर सरकतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिप सुटत नाही. ज्यांना वाटतं की तो सेटवर येऊन कसंबसं काम उरकायचा, त्यांना मी नेहमी हा शॉट दाखवते.

त्याच वर्षी दोन-तीन महिन्यांनी बीटल्सचा ‘अ हार्ड डेज नाइट’ आला. त्यात मोकळ्या मैदानावरच्या गाण्यात चौघेही ओठ हलवत नाहीत. ते धावतात, उड्या मारतात आणि गाणं वर वाजत राहतं. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांनी चित्राला ओठांपासून सोडवलं. मग समुद्रकाठी कुठून तरी वाद्यवृंद वाजू लागतो आणि नायक गिटार घेऊन गाऊ लागतो, हे एकदम जुनं दिसायला लागलं. बाकीच्या एल्व्हिसपटांबद्दल मी फार लिहीत नाही. ‘किसिन कझिन्स’ आणि ‘हॅरम स्कॅरम’ अडीच-तीन आठवड्यांत उरकले, आणि तसेच दिसतात. ‘गर्ल हॅपी’चं शीर्षकगीत वेग वाढवून वापरलं आहे. कान तयार असेल तर आवाज चोरट्यासारखा वर चढलेला लगेच कळतो. १९६३च्या ‘फन इन अकापुल्को’साठी तो मेक्सिकोला गेलाच नाही. मागे पडद्यावर अकापुल्को आणि पुढे स्टुडिओतला एल्व्हिस. मागचं ऊन एका दिशेचं, चेहऱ्यावरचा उजेड दुसऱ्या दिशेचा. पण याच सिनेमातलं ‘मार्गारीटा’ ऐका. ‘झुक गया आसमान’मधलं रफीसाहेबांचं ‘कौन है जो सपनों में आया’ लगेच ओळखू येईल. शंकर-जयकिशन यांनी ती चाल उचलून तिला असा हिंदी अंतरा दिला की मूळ गाणं आपल्याकडे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. या तालाची आपली ओळख एल्व्हिसपासून सुरू झालेली नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९५१च्या ‘अलबेला’त पाश्चात्त्य नाचाचे ठेके आणले. हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि त्यांच्यासारखे गोव्याचे वादक त्यांच्या मागे होते. १९५७मध्ये, म्हणजे ‘जेलहाऊस रॉक’च्याच वर्षी, त्यांनी ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ दिलं. आणि भगवानदादा! त्यांची पावलं छोटी, पण सगळं अंग तालात. त्यांना नखशिखांत चौकटीत ठेवलं की कटची गरज पडत नाही. रोमेरोंनी एल्व्हिसमध्ये जे पाहिलं ते भगवानदादांनी स्वतःमध्ये आधीच पाहिलं होतं. शम्मी कपूर तर रेकॉर्डिंगला जाऊन बसत आणि कुठल्या जागेवर आपण काय करणार ते रफीसाहेबांना सांगत. आवाज उसना असूनही तो त्यांचाच वाटतो, तो या मेहनतीमुळे.

आता क्रम. पहिला ‘व्हिवा लास व्हेगास’ बघा, मग ‘ब्लू हवाई’, मग ‘जी. आय. ब्लूज’. हे तिन्ही आवडले तर मागे जाऊन ‘लव्हिंग यू’ आणि ‘जेलहाऊस रॉक’. लहान मुलं सोबत असतील तर १९६३चा सिएटलच्या जत्रेतला ‘इट हॅपन्ड अ‍ॅट द वर्ल्ड्स फेअर’ लावा. त्यात एल्व्हिसच्या नडगीवर लाथ मारणारा मुलगा म्हणजे कर्ट रसेल. १९७९मध्ये टीव्हीसाठीच्या चित्रपटात त्यानेच एल्व्हिसची भूमिका केली. प्रत्येक सिनेमातलं तुम्हाला आवडलेलं एक गाणं दोनदा बघा. एकदा आवाज बंद करून. ताल दिसतो का, तेवढंच बघा. ‘ब्लू हवाई’पर्यंतच्या सिनेमांत तो दिसतोच. १९६६-६७च्या सिनेमांत पुष्कळदा दिसत नाही, आणि तुम्हाला कोणी न सांगता कळेल की इथे या माणसाला गाण्यात रस उरलेला नव्हता.

हे झाल्यावर १९७०चा ‘दॅट्स द वे इट इज’ बघा. तो कथापट नाही, लास व्हेगासच्या कार्यक्रमांचा माहितीपट आहे. कॅमेरा लुसियन बॅलार्ड यांचा, आणि सुरुवातीच्या भागात एमजीएमच्याच आवारातल्या तालमी आहेत. ज्या आवारात त्याने इतकी वर्षं ध्वनिमुद्रित आवाजावर ओठ हलवले, तिथेच तो आता वादकांच्या घोळक्यात बसून खरोखर गातो आहे. ओळ विसरतो, हसतो, थांबतो, बोटाने खूण करून पुन्हा सुरू करायला सांगतो. त्या तालमीत तो श्वास घेतो तेव्हा तो त्याच क्षणी ऐकूही येतो.